गूळ मोकळा, साखर दाव्याला

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातल्या सहकारी आणि खासगी साखर कारखान्यांचे चेअरमन व संचालक,
तसेच ऊसदराच्या आंदोलनातल्या सर्व संघटनांचे नेते व कार्यकर्ते, यांस

सप्रेम नमस्कार.

तुम्हा दोन्ही बाजूंना एकाच पाकिटात घालून पत्र धाडतोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. एरवी कारखान्याला लिहायचं ते अर्ज म्हणून आणि संघटनेला लिहायचं ते गाऱ्हाणं म्हणून, अशी आपल्याकडची रीत. पण ऑक्टोबर उजाडला की तुम्ही दोघंही तोंड एकाच दिशेला करता, दिल्लीकडं. एक म्हणतो साखरेचा किमान दर वाढवा, निर्यात सोडा, इथेनॉलला भाव द्या. दुसरा म्हणतो एफआरपी (केंद्रानं ठरवून दिलेला उसाचा किमान दर) वाढवा आणि वर दोनशे टाका, नाहीतर कोयता बंद. दोघांचंही म्हणणं मला पटतं आणि दोघांचाही मला राग येतो. तो का येतो, हे सांगायला हे पत्र.

मी शिरोळ तालुक्यातला. दोन एकर ऊस, सव्वा एकर आडसाली, बाकी खोडवा. नोकरी मात्र कोल्हापुरात केली, कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायची. बत्तीस वर्षं. सुरुवातीला 'नियोजित अर्थव्यवस्थेचे फायदे' हे प्रकरण मी इतक्या मनापासून शिकवायचो की पोरं मला चिडवायला 'कॉम्रेड सर' म्हणायची. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघच मोडला. दुसऱ्या आठवड्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आता हे प्रकरण परीक्षेला आहे का गेलं?" पुस्तक बदललं नव्हतं, त्यामुळं प्रकरण होतंच. पण त्या पोराला परीक्षेपलीकडचं काहीतरी सांगायला हवं म्हणून मी वाचायला लागलो. ज्या देशांत सगळं सरकार ठरवायचं, त्यांनी बाजाराकडं वळताना नेमकं काय केलं? रशियानं काय, चीननं काय, व्हिएतनामनं काय? गंमत अशी, की वाचत होतो बीजिंग-हनोईचं आणि डोळ्यांपुढं यायचा आपला उसाचा फड.

कारण आपल्या देशात शेती खासगी, किराणा दुकान खासगी, टपरीही खासगी; पण साखर हा धंदा मात्र पुरता मॉस्कोच्या वळणाचा होता. कारखाना कुठं काढायचा, दुसऱ्यापासून किती अंतरावर, उसाला कमीत कमी दर काय, किती साखर रेशनला, उरलेली कुठल्या महिन्यात किती विकायची, हे सगळं सरकारी कागदावर. पोतंसुद्धा तागाचंच पाहिजे.

तुमच्यातल्या साठी ओलांडलेल्यांना लेव्हीची, म्हणजे सरकार कारखान्याकडून सक्तीनं घ्यायचं ती रेशनची साखर आठवत असेल. माझ्या आठवणीत ती आईच्या पिशवीतून येते. दादा पहाटे बैलगाडीतून ऊस घेऊन कारखान्यावर जायचे आणि त्याच दिवशी आई कापडी पिशवी व रेशनकार्ड घेऊन दुकानापुढं उभी. रांगेतल्या निम्म्या बायकांच्या घरचा ऊस गाळपाला गेलेला, आणि साखरेला मात्र वजनकाट्यावर नजर ठेवून उभं राहायचं. दिवाळीला थोडी जादा मिळायची. दुकानदार ती देताना असा चेहरा करायचा, जणू स्वतःच्या घरातली काढून देतोय.

१९६७-६८ च्या हंगामापासून ही पद्धत. शंभर पोत्यांतली साठ पोती ठरवून दिलेल्या पडत्या दरानं सरकारला, चाळीस खुल्या बाजारात. एकाच गोदामातल्या एकाच साखरेला दोन किमती. पुढं हे प्रमाण कधी वाढलं, कधी घटलं. २००२ पर्यंत लेव्ही दहा टक्क्यांवर आली आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये संपली. चीनच्या आर्थिक सुधारणांचं कौतुक करताना जगभरचे पंडित ज्या 'दुहेरी किंमत पद्धती'वर पानंच्या पानं लिहितात, ती आपण त्यांच्या कितीतरी आधी कोळून प्यायलो होतो. मग त्यांचं पुढं गेलं आणि आपलं अर्ध्यात का अडकलं?

यासाठी एका हिवाळ्याची गोष्ट सांगतो. सन १९७८.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये जनता पक्षाच्या सरकारनं साखर एका झटक्यात मोकळी केली. लेव्ही नाही, दोन किमती नाहीत. मी तेव्हा अठरा वर्षांचा, दादांचा आनंद मला आठवतो. पण साखर आधीच मुबलक होती. सगळे एकदम विकायला धावले, भाव आपटला. भाव आपटला तसं उसाचं बिल रखडलं. पुढच्या लागणीला लोकांनी हात आखडता घेतला, साखर कमी पडली, भाव भडकला, आणि १९७९ च्या डिसेंबरात दोन किमतींचं जोखड पुन्हा मानेवर आलं. सोळा महिन्यांत खेळ खलास. तेव्हापासून दिल्लीतल्या प्रत्येक बाबूच्या मनात एक भीती घर करून आहे, की साखर सोडली की अंगावर येते.

त्याच हिवाळ्यात तिकडं चीनच्या आनह्वे प्रांतात शियाओगांग नावाच्या खेड्यात अठरा घरांचे कर्ते एका मातीच्या घरात रात्री जमले. पन्नासच्या दशकाच्या अखेरीच्या दुष्काळात त्या भागात माणसं अन्नावाचून मेली होती, आणि १९७८ लाही पाऊस नव्हता. जमीन कम्यूनची, म्हणजे सामुदायिक शेतीची, राबायचं घंटेवर, मोबदला गुणांवर. या अठरांनी जमीन आपसात घरटी वाटून घेतली. सरकारचा कोटा सरकारला, सामायिक वाटा सामायिकाला, उरेल ते ज्याचं त्याचं. कागद केला, त्यावर अंगठे उठवले. त्यात एक कलम असं, की यापायी कुणाला तुरुंगात जावं लागलं तर त्याची पोरं बाकीच्यांनी अठरा वर्षांची होईपर्यंत सांभाळायची. आपल्या सोसायटीच्या कर्जाच्या जामीनदारापेक्षा हे जामीनदार बरेच मोठे! पुढच्याच वर्षी त्या गावानं कोटा पुरा केला आणि घरात धान्य उरलं. प्रांताचे पक्षप्रमुख वान ली यांनी त्यांना पाठीशी घातलं. १९८३ संपेपर्यंत जवळजवळ सगळ्या देशात हीच पद्धत झाली होती.

इथं मला तुमचं लक्ष 'अंगठ्या'वर नको, 'कोट्या'वर हवंय. अंगठ्यांची गोष्ट सगळे सांगतात.

त्या अठरांनी कोटा नाकारला नाही. सरकारनंही तो काढला नाही. १९७९ मध्ये सरकारनं कोट्याच्या धान्याचा दर वीस टक्के वाढवला आणि कोट्याच्या वर घालाल त्याला आणखी पन्नास टक्के जादा. कोटा मात्र वाढवला नाही. म्हणजे शेतकऱ्याला पेरतानाच ठाऊक, की इतकं सरकारचं, त्यापुढचा दाणा आपला. १९७८ मध्ये साडेतीस कोटी टन असलेलं चीनचं धान्य १९८४ मध्ये चाळीस कोटी सत्तर लाख टनांवर गेलं. त्याच वर्षी जमिनीचे करार पंधरा वर्षांचे केले, पुढं १९९३ मध्ये तीस वर्षांचे. बांध घालायचा, विहीर काढायची तर माणसाला इतकी वर्षं दिसावी लागतात. आपल्याकडं आडसाली उसाला अठरा महिने लागतात आणि तेवढ्यात धोरण दोनदा बदलतं.

कारखान्यांचंही तिथं तसंच झालं. १९८५ पासून पोलाद असो की सिमेंट, योजनेतला ठरीव माल ठरीव दरानं द्यायचा, त्यावरचा बाजारभावानं विकायचा. योजना कुणी फाडली नाही. ती तेवढीच राहिली आणि बाकीचं वाढत गेलं. लहानपणीचा सदरा खुंटीवर तसाच असतो आणि पोरगं मिशा फुटून दारात उभं राहतं, तसं. १९९३ मध्ये धान्याची कुपनं गेली, १९९४ च्या १ जानेवारीला परकी चलनाचे दोन दर एक झाले. कुणी छाती पिटली नाही, कारण तोवर कुपनावर अवलंबून फारसं कुणी उरलंच नव्हतं.

'दगड चाचपत नदी ओलांडायची' हे वाक्य चीनचे नेते डेंग शियाओपिंग यांच्या नावावर खपतं. १९८० मध्ये ते बैठकीत वापरलं त्यांच्याच पक्षातले ज्येष्ठ नेते चेन युन यांनी. याच चेन युनांचा दुसरा दाखला पिंजऱ्याचा: पाखरू मुठीत आवळलं तर मरतं, सोडलं तर उडून जातं, म्हणून पिंजरा असावा, पण ऐसपैस. आम्ही शिरोळकडचे लोक पिंजऱ्याऐवजी दाव्याचं बोलू. म्हैस लांब दाव्याला बांधली तर तेवढ्या गोलात निवांत चरते. दावं दरसाल हातभर वाढवलं तरी तिची तक्रार नसते. पण सोडून द्यायची, ती बांधावर पोचली की हिसका देऊन मागं ओढायची, परत सोडायची, असं केलं तर ती दूध देणार नाही आणि एक दिवस शिंग मारील.

चीनची आरती करायला मी बसलेलो नाही. दोन किमती म्हटल्यावर त्या दोहोंच्या मधल्या फाटकात कुणीतरी उभा राहणारच. तिथं त्या लोकांना 'ग्वानदाव' म्हणत, म्हणजे अधिकारी-दलाल. परवान्यावर स्वस्तात पोलाद उचलायचं, गेटबाहेर महागात विकायचं. ज्याच्या हातात शिक्का त्याची चांदी. १९८८ च्या उन्हाळ्यात सरकारनं जाहीर केलं, की आता सगळ्याच किमती मोकळ्या करू. लोकांनी बँकेतून पैसे काढले आणि दुकानं रिकामी केली. महागाई त्या वर्षी साडेअठरा टक्क्यांवर गेली आणि सरकारला बेत गुंडाळावा लागला. पुढच्या वर्षी बीजिंगच्या चौकात जी पोरं उतरली, त्यांच्या संतापात या दलालीचा मोठा वाटा होता, आणि त्यांचं काय झालं ते जगानं पाहिलं. तिथल्या शेतकऱ्याला शहरात नाव लावायची मुभा नव्हती, संघटना तर सोडाच. जयसिंगपूरला भरते तशी ऊस परिषद तिथं भरली असती, तर भाषण संपायच्या आत स्टेज आणि नेते दोन्ही उचलले गेले असते. तेव्हा नेतेमंडळींनो, मी चीनचं उदाहरण देतोय ते हिशेबाचं, कारभाराचं नाही.

व्हिएतनामचं थोडक्यात. तिथं विन्ह फुक प्रांताचे पक्षसचिव किम न्योक यांनी १९६६ मध्येच शेतकऱ्यांना घरटी ठेक्यानं जमीन कसू दिली. वरून दटावणी आली, त्यांना चूक कबूल करावी लागली. १९८१ मध्ये तेच थोडं अधिकृत झालं, १९८६ च्या डिसेंबरात 'दोई मोई' हे आर्थिक सुधारणांचं धोरण जाहीर झालं, १९८८ मध्ये जमीन खऱ्या अर्थानं घराकडं आली. ज्या देशाला १९८८ पर्यंत तांदूळ बाहेरून आणावा लागत होता, त्यानं १९८९ मध्ये दहा लाख टनांहून जास्त निर्यात केला. आणि रशिया? २ जानेवारी १९९२ ला बहुतेक किमती एका दिवसात मोकळ्या. वर्षअखेर महागाई अडीच हजार टक्क्यांच्या घरात. म्हाताऱ्यांची आयुष्यभराची बचत वितळली आणि मोठे कारखाने मूठभरांच्या खिशात गेले. पोलंडनंही १९९० मध्ये झटक्यातच केलं, पण तिथली शेती मुळातच बहुतांशी खासगी राहिलेली, त्यामुळं ते दोन वर्षांत सावरायला लागले.

आमच्या कॉलेजात मी दरवर्षी वादविवादाला विषय द्यायचो: सुधारणा हळूहळू की एकदम? ढाल वाटायचो, टाळ्या वाजवायचो. आता वाटतं, विषयच चुकला. हळू चालणारेही पोचले आणि धावणारेही काही पोचले. फसले ते, ज्यांच्याकडं रेघ कुठं आहे हेच कुणाला कळत नव्हतं. सरकारचं कुठवर आणि माझं कुठून, हे पेरणीआधी माहीत पाहिजे, आणि एकदा माझं म्हटलेलं परत मागायचं नाही. एवढंच काय ते मला सापडलंय.

आता आपल्या रेघेकडं बघा. साखरेवरचे निर्बंध तपासायला केंद्रानं नेमलेल्या रंगराजन समितीनं २०१२ च्या ऑक्टोबरात अहवाल दिला. २०१३ मध्ये लेव्ही गेली, महिन्याचा विक्री कोटाही गेला; आपण पेढे वाटले. २०१८ च्या जूनमध्ये भाव कोसळल्यावर महिन्याचा कोटा मागच्या दारानं परत आला, सोबत साखरेला किलोला २९ रुपयांचा किमान दर. २०१९ च्या फेब्रुवारीत तो ३१ झाला आणि सहा वर्षं जागचा हलला नाही. तेवढ्या काळात एफआरपी क्विंटलला २७५ वरून ३४० वर गेली. २०२५-२६ ला ३५५, तीही १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर निघाली तर. आपल्याकडं १२.२५ उतारा धरला, तर टनाला ४,२४२ रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. मला हा दर जास्त वाटत नाही, खताच्या पोत्याचा भाव मलाही ठाऊक आहे. पण एका टोकाची किंमत दरसाल वाढवायची आणि दुसऱ्या टोकाची खिळा ठोकून ठेवायची, याला सुधारणा म्हणत नाहीत.

इथेनॉलचं तर विचारूच नका. २०१८ च्या धोरणात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला प्रोत्साहन दिलं. कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या. आणि ७ डिसेंबर २०२३ ला, हंगाम ऐन भरात, धुराडी पेटलेली, तेव्हा आदेश: रसापासून इथेनॉल बंद. आठवड्यात त्यात थोडी ढील दिली, २०२४ च्या ऑगस्टमध्ये बंदी उठवली. निर्यातीचंही तसंच. २०२१-२२ ला शंभर लाख टनांच्या वर साखर बाहेर गेली, जून २०२२ ला वेसण घातली, पुढं २०२३-२४ ला दार बंद, २०२५ च्या जानेवारीत दहा लाख टनांपुरती फट उघडली. यात दिल्लीचं म्हणणं खोटं नसतं. पाऊस कमी, साखर कमी, सण तोंडावर, निवडणूक तोंडावर. पण म्हैस बांधावर पोचली होती हो.

चेअरमनसाहेब, आता तुमच्याकडं येतो. भाव चढा असला की तुमच्या वार्षिक अहवालात 'साखर पूर्णपणे नियंत्रणमुक्त करावी' असं वाक्य असतं. भाव पडला की त्याच पानावर 'किमान विक्री दर वाढवावा, कोटा काटेकोर ठेवावा' असं येतं. दोन्ही अहवाल माझ्या कपाटात आहेत, एकाच कारखान्याचे. २०१८ ला महिन्याचा कोटा परत आला तेव्हा तुमच्यातल्या कुणी निषेध केल्याचं माझ्या वाचनात नाही. बांधलेली साखर तुम्हालाही सोयीची असते, कारण तोटा झाला की बोट दाखवायला दिल्ली असते.

आणि नेतेमंडळी, रंगराजन समितीनं साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातले सत्तर टक्के शेतकऱ्याचे म्हटलं होतं. राज्यानं २०१३ मध्ये ऊसदर नियंत्रणाचा कायदा केला, मंडळ नेमलं. ही वाटणी म्हणजे आपल्या हातातली खरी बाजारातली हिस्सेदारी. पण आपण दरवर्षी भांडतो ते पहिल्या उचलीवर, म्हणजे उसाच्या पहिल्या हप्त्यावर. एफआरपी एकरकमी की तुकड्यांत, यावर उच्च न्यायालयापर्यंत जाऊन मार्च २०२५ मध्ये आपण जिंकलो, बरं झालं; पैसे एकदम मिळायलाच पाहिजेत. पण हंगाम संपल्यावर सत्तर टक्क्यांचा हिशेब मागायला किती जण गेटवर येतात? तेव्हा उन्हाळा असतो, लग्नसराई असते. चढ्या भावाच्या वर्षी वाटा मागायचा असेल, तर पडत्या वर्षी एफआरपीच्या वर काही मिळणार नाही, हेही स्टेजवरून सांगावं लागेल. त्याला टाळ्या मिळत नाहीत, मला कल्पना आहे.

मोकळं सोडणं म्हणजे काय नसतं, हेही माझ्या अंगावरून गेलंय. झोनबंदी होती तेव्हा ऊस नेमून दिलेल्या कारखान्यालाच घालावा लागायचा. नव्वदच्या दशकात ती उठली. कागदावर मी मोकळा. चार वर्षांपूर्वी माझी नोंद ज्या कारखान्याकडं होती, त्याची तोड येता येईना. आडसाली उसाला वीस महिने झाले, तुरे डोलायला लागले, वजन उतरायला लागलं. दुसऱ्या कारखान्याकडं गेलो तर ते म्हणाले, टोळी तुमची तुम्ही आणा. टोळी आणायची कुठून? मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन बसलेला एका कारखान्याची. शेवटी तोड आली तर टोळीनं एकरी पाच हजार खुशाली मागितली. 'खुशाली' हा शब्द ज्यानं काढला त्याला साष्टांग नमस्कार! झोनबंदी सरकारनं उठवली, कोयत्याची बंदी कुणी उठवायची?

त्याच वर्षी चिडून अर्धा एकर ऊस गुऱ्हाळाला घातला. गूळ हा आपला मोकळा माल. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गुऱ्हाळावर रात्र काढली. काहिलीत रस उकळत होता, भेंडीचं पाणी टाकून मळी वर काढत होते. गुळव्या मधूनच थोडा पाक पाण्यात सोडायचा, बोटांनी गोळी वळायचा आणि काही न बोलता जाळ कमी करायला सांगायचा. इतकी वर्षं शिकवूनही मला किंमत म्हणजे काय ते त्याच्याइतकं नेमकं कधी सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डात अडत्याच्या दारात रवे ओळीनं मांडले. सौदा सुरू झाला. व्यापाऱ्यानं अंगठ्यानं दाबून पाहिलं, कोपरा तोडून जिभेवर ठेवला, "जरा लालसर आहे" म्हणाला, आणि माझ्या अठरा महिन्यांचा निकाल अर्ध्या मिनिटात लागला. शेजारच्या ढिगाला जास्त भाव. पिवळाधमक. हमाली-तोलाई वजा करून पट्टी देताना अडत्या हळूच म्हणाला, "सर, त्यात साखर आहे." स्वस्त साखर काहिलीत टाकायची आणि गूळ म्हणून काढायचा. दाव्याला बांधलेल्या साखरेनं मोकळ्या गुळाला असं गाठलं. कारखान्याला घातला असता तर मला जास्त मिळाले असते. तेव्हा 'सगळं बाजारावर सोडा' असं मी म्हणणार नाही, आणि म्हणणाऱ्याला एकदा सौद्याला घेऊन जाईन.

मग म्हणणं काय? दिल्लीकडं जाताना दोघांनी मिळून एकच कागद न्यावा. त्यावर लिहावं, की सरकारला देशासाठी, रेशनसाठी, सणासाठी जेवढी साखर हाताशी हवी तेवढा आकडा लागणीआधी सांगावा, आणि तो पुढची पाच वर्षं बदलू नये. तेवढ्या साखरेला एफआरपीशी जोडलेला किमान दर द्यावा, आणि तेवढीच महिन्याच्या कोट्यानं विकावी. त्यावरचं सगळं कारखान्याचं आणि ऊसवाल्याचं: निर्यात करू, इथेनॉल करू, गोदामात ठेवू, बुडालो तर बुडू. दुष्काळ पडला तर सरकारनं वरची साखर बाजारभावानं विकत घ्यावी. आदेशानं अडवू नये. साठ-चाळीसचीच ही पद्धत आहे, फक्त आकडा गोठवलेला. या गोठवण्यातच चीनचं सारं साधलं होतं.

दिल्लीला जायच्या आधी दोन कामं इथंच होण्यासारखी आहेत. चेअरमनसाहेब, गेटवरच्या फळ्यावर रोजचं गाळप आणि उतारा लिहिता, त्याखाली महिन्याला मळी, बगॅस, वीज आणि इथेनॉल किती रुपयांना गेलं तेही लिहा. काटा कुणालाही कधीही तपासू द्या. नेतेमंडळींनो, तुम्ही टोळ्यांच्या प्रश्नात हात घाला. उचल देऊन बांधलेली माणसं बीडहून, धाराशिवहून येतात, पाचटाच्या खोपीत राहतात; त्यांची तोडणी कारखान्याच्या दाव्यातून सुटली तर माझी नोंदही सुटेल. उसाच्या बाजारात सगळ्यात घट्ट बांधलेला माणूस तो आहे आणि ऊस परिषदेत त्याच्या नावाचा ठराव मी अजून ऐकलेला नाही. झाला असेल आणि मी ऐकला नसेल तर माझं चुकलं, मागच्या रांगेत बसतो मी.

यंदाही माझा सव्वा एकर आडसाली उभा आहे. काल कारखान्याचा चिटबॉय, तोडीची पाळी लावणारा, येऊन गेला, म्हणाला, "बघू सर, पुढच्या पंधरवड्यात." वाऱ्यानं कडेच्या दोन सऱ्या लोळल्यात, तेवढ्या बांधून घेतल्या. चेअरमन आणि नेते एकत्र येणार असतील, तर बांधावरच बसू. चहा घरून आणतो, गुळाचा. गूळ ओळखीच्या गुऱ्हाळातला आहे, त्यात साखर नाही.

आपला,
शिरोळ तालुक्यातला एक ऊस उत्पादक सभासद
आणि निवृत्त शिक्षक